दीड लिटरची तफावत

"रेवण, तुझ्या दुकानातला काटासुद्धा एकदा तपासून घ्यायला हवा," असं मी चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो.

रेवण म्हणजे माझा मेव्हणा, गिरिजाचा पाठचा भाऊ. कराडला त्याचं खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे असल्या सामानाचं दुकान होतं, सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या हातचं. आणि मी वजनमापे निरीक्षक. आज मी निवृत्त आहे, पण त्या काळी विट्याला माझं कार्यालय होतं आणि आसपासच्या पन्नास गावांत मी दिसलो की दुकानदार उभे राहून नमस्कार घालत. अशा माणसानं दुकानदाराला काट्याबद्दल बोलणं म्हणजे तोंडावर चोर म्हणण्यासारखंच होतं. ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच मी बोललो होतो.

रेवणनं हातातले खिळे पारड्यात ठेवले.

"दाजी, गाडीबद्दल काय ते बोला. काट्याला मध्ये आणू नका. तो अण्णांचा काटा आहे."

"मी गाडीबद्दलच बोलतोय. सख्ख्या बहिणीच्या घरात ज्याला ऑइल पिणारी गाडी खपवता येते, त्याला पाव किलो खिळ्यांत काय अवघड आहे?"

"चार वर्षं वापरली मी ती. एक थेंब वरून घालायला लागला नाही."

"मग माझ्याकडं आल्यावर तिला व्यसन लागलं का?"

गिऱ्हाइकांपैकी एकजण हसला आणि लगेच त्यानं खोकल्यासारखं केलं. रेवण आत गेला आणि काळ्या ऑइलची एक प्लॅस्टिकची बाटली घेऊन आला.

"हे घेऊन जा. माझ्या नव्या गाडीत ज्यानं भरलं त्यानं जादा भरलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी बघून मी दीड लिटर काढलं. माझी गाडी ऑइल देते, तुमची पिते. ज्याचं त्याचं नशीब."

त्यानं ती बाटली स्वतः माझ्या डिकीत, माझ्या वजनांच्या पेटीशेजारी नेऊन ठेवली. मी गाडी सुरू केली. मागून भपकन निळा धूर निघाला आणि दुकानाच्या पायरीवर बसलेलं कुत्रं उठून गेलं.

झालं होतं ते असं. रेवणनं जुनी पेट्रोल गाडी काढून त्याच कंपनीची डिझेल गाडी घ्यायची ठरवली होती. जुनी मी घेतली. गाडी दसऱ्याला ताब्यात घ्यायची म्हणून आम्ही आदल्या दिवशीच, खंडेनवमीला, कराडला मुक्कामाला गेलो. खंडेनवमीला जो तो आपापल्या धंद्याची हत्यारं पुजतो. माझं हत्यार म्हणजे माप. त्यामुळे दरवर्षी मी जिथं असेन तिथं पाट मांडून वजनं, शेर, मापटी, टेप, तापमापक, घरात-अंगणात जे जे मापाचं दिसेल ते ते पुजायचो. माझ्या ह्या पूजेचं सासरी कौतुकही होतं. दसऱ्याला सोनं वाटून झालं, दोन्ही गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या आणि मी माझी पहिली गाडी चालवत विट्याला आलो. त्या दिवशी मी काय रुबाबात होतो ते गिरिजा अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, परत घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. मी दुकानातून डबा आणून वरच्या खुणेपर्यंत भरलं. मला हौस वहीत नोंदी ठेवायची, तेव्हा तारीख, किलोमीटर, पातळी असे रकाने आखले. पाचव्या दिवशी पातळी पुन्हा तळाला. मी पुन्हा भरलं. भरलं की दोन-तीन दिवस निळा धूर, आणि मग पट्टी कोरडी. स्टँडजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "साहेब, पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिन खोलावं लागंल," म्हणाला. तिथून मी तडक कराड गाठलं आणि वर सांगितलं ते दिवे लावले.

घरी आल्यावर मी गिरिजाला सगळं सांगितलं, काट्याचं वाक्यसुद्धा. थोडा अभिमानच होता मला त्या वाक्याचा. ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"अण्णा गेले त्याला चार वर्षं झाली," ती म्हणाली. "माहेर म्हणून मला आता आई आणि रेवण, एवढंच आहे. तुम्ही त्याला गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालात."

"मी चोर म्हणालो नाही. काटा तपासायला हवा म्हणालो."

"आता ऐका. भाऊबीजेला मी जाणार. आजवर एकही चुकवलेली नाही. पण तुम्ही त्याची माफी मागितल्याशिवाय मी तुमच्याबरोबर त्याच्या दारात उभी राहणार नाही. रेवण मला न्यायला येईल."

"आणि गाडी खरंच खराब निघाली तर?"

"तर त्याला मी विचारीन. माझा भाऊ आहे, मी विचारीन. तुम्ही नाही."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तरीही माफीबिफी मागायचा माझा विचार नव्हता. वहीत आकडे होते. आकडे खोटं बोलत नाहीत, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. मी ठरवलं की विट्यातल्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीकडून गाडीची नीट तपासणी करून घ्यायची आणि भाऊबीजेला ती बहीण-भावापुढं ठेवायची.

दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज तेलगिरणीच्या मागं होतं. सत्तरीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा. गाडीला हात लावायच्या आधी तो मालकाला बाकावर बसवून प्रश्न विचारायचा, म्हणून त्याला विट्यात डॉक्टर म्हणत.

"धूर कवा निघतो? सकाळी पैल्यांदा चालू केल्यावर, का उतारावर पाय काढल्यावर?"

"कधीही. पण ऑइल भरल्यावर दोन-तीन दिवसच. नंतर बंद होतो."

"बंद होतो?" त्यानं चष्मा वर केला. "आसं कसं?"

"ऑइल संपतं म्हणून."

"संपलं तर इंजिन जाम हुईल साहेब, धूर बंद न्हाई हुणार."

त्यानं माझी वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचली. मग म्हणाला, "लिवलंय झकास. तुमी मापाचं साहेब, तुमच्या मापावर आमी काय बोलणार." मला बरं वाटलं.

मग त्यानं तपासणी सुरू केली. गाडीखाली मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे पसरून ती एक रात्र उभी करून ठेवली. सकाळी पुठ्ठ्यावर एक डाग होता, तोही मिठाईच्या तुपाचा निघाला. म्हणजे गळती नव्हती. मग चारी प्लग काढून उन्हात धरले. थोडी ओल होती, पण रिंगा गेलेल्या इंजिनाचे प्लग कसे डांबरासारखे काळे होतात म्हणे, तसे नव्हते. मग प्लगच्या भोकांत दाब मोजायचं घड्याळ लावून मला गाडीत बसवलं आणि स्टार्टर मारायला लावला. चारी ठिकाणी काटा जवळपास सारखा. शेवटी प्रत्येक भोकात चमचा चमचा ऑइल सोडून पुन्हा मोजलं. दाबात फरक नाही.

"रिंगा गेल्या आसत्या तर ऑइलनं फट भरून काटा वर चढला आसता," तो म्हणाला. "रिंगा नव्या नवरीवानी हायत. इंजिन खोलायचं काम न्हाई."

"मग ऑइल जातं कुठं?"

"त्येच तर. साहेब, आता आट दिस वरून ऑइल घालायचं न्हाई."

"पट्टी तळाला असताना?"

"तळाला आसू दे, बुडाखाली आसू दे. फकस्त लाल दिव्याकडं ध्यान ठिवायचं. दिवा लागला की जाग्यावर बंद. भाऊबीजेला सकाळी या."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दौऱ्यावर जाताना रस्त्याकडं कमी आणि लाल दिव्याकडं जास्त लक्ष. दर दहा किलोमीटरला थांबून पट्टी बघायचो. घरात गिरिजा फराळाचं करत होती आणि माझ्याशी कामापुरतं बोलत होती. चकली कशी झालीय विचारायची, पण उत्तर ऐकायला थांबायची नाही. आणि गाडी? गाडीनं चारशे किलोमीटरमध्ये केसभरही ऑइल खाल्लं नाही. धूर नाही, दिवा नाही. पट्टी पहिल्या दिवशी जिथं होती तिथंच, खालच्या खुणेखाली. वहीच्या रकान्यात मी आठ वेळा तोच आकडा लिहिला आणि आठव्या वेळी मला स्वतःचाच राग आला.

भाऊबीजेला सकाळी साडेसातला मी गॅरेजवर हजर होतो. रेवण दहाच्या सुमाराला गिरिजाला न्यायला येणार होता. बाजार बंद होता, पण दस्तगीरनं माझ्यासाठी अर्धं दार उघडलं होतं.

वही बघून तो म्हणाला, "खायाचं आसतं तर रोज खाल्लं आसतं. वाढलं तरच खातंय, न्हाई वाढलं तर गप बसतंय, आसलं जनावर म्या बगितलं न्हाई. काढूया सगळं भायेर. माप हाय का तुमच्याकडं?"

मापाची माझ्याकडं काय वाण. डिकीतून मी शिक्क्याचं एक लिटरचं माप काढलं. दस्तगीरनं खालचा बोल्ट सोडला आणि मी स्वतः एकेक माप भरून मोजलं. एक. दोन. तीन. आणि वर अर्ध्याला थोडं जास्त.

"ह्या गाडीत बसतं किती?" मी विचारलं.

"साडेतीन."

"म्हणजे..."

"म्हंजी टाकी फुल हाय. आटी दिस फुलच हुती. तुमी त्यात आनि दीड लिटर घालत हुता. मावंना म्हणून तिनं धूर करून भायेर फेकलं. बिचारी पीत नव्हती साहेब, वकत हुती."

दस्तगीरनं पट्टी काढली आणि चष्म्याजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"ही पट्टी ह्या गाडीची न्हवं. ही डिझेलवाल्या इंजिनाची. दोन बोटं तोकडी हाय. म्या पैल्याच दिवशी बगायला पायजे हुती. पन म्हटलं मापाचं साहेब हायत, माप बगूनच आनलं आसंल." मग त्यानं पट्टीच्या मुठीतल्या खाचेत नख घातलं आणि नख माझ्यापुढं धरलं. "आनि ह्यो गंज न्हाई. कुंकू हाय. पट्टीला कुंकू कुनी लावलं?"

कुणी लावलं ते मला माहीत होतं.

खंडेनवमीला सासरच्या अंगणात दोन गाड्या, जुनी आणि रेवणची नवी, उभ्या होत्या. पाटावर वजनं, मापटी, टेप, तापमापक मांडून झाल्यावर माझी नजर त्यांच्याकडं गेली होती. सगळी मापं आली, मग गाड्यांचीच का राहावीत? मी दोन्ही बॉनेट उघडली, दोन्ही पट्ट्या काढल्या, पुसून लख्ख केल्या आणि हळदकुंकू लावून पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. सासूबाई म्हणालेल्या, "बघा, जावयांचं कसं बारकाईनं असतं." आणि दसऱ्याला सकाळी त्या पट्ट्या उचलून जागच्या जागी घातल्या त्याही मीच. जागच्या जागी असं मला तेव्हा वाटलं होतं.

आयुष्यभर मी लोकांची मापं पकडली, आणि खोटं माप स्वतःच्या हातानं पूजा करून गाडीत बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली, तेव्हा तर पाचावर धारण बसली. ह्या गाडीची लांब पट्टी रेवणच्या गाडीत होती. तिथं ती ऑइल जादा दाखवणार. म्हणून तर त्यानं दीड लिटर काढून टाकलं होतं. त्याच्या गाडीत जादा काही नव्हतंच. तो गेले वीस दिवस अपुऱ्या ऑइलवर नवं इंजिन पळवत होता.

कोपऱ्यावरच्या बूथवरून मी कराडला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "रेवण मघाशीच निघाला की अक्काला आणायला."

दस्तगीरनं ऑइल परत भरून दिलं. मी घरी आलो. गिरिजा नवी साडी नेसून, औक्षणाचं तबक रुमालानं झाकून तयार बसली होती. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं, एका दमात. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे खोटं माप तुमचं," ती म्हणाली.

"माझं."

"चला," ती म्हणाली, आणि तबक मांडीवर घेऊन माझ्या शेजारी गाडीत बसली.

कडेगावच्या पुढं एका चढावर रेवणची गाडी कडेला उभी दिसली. बॉनेट वर, आणि रेवण हातात पट्टी धरून उन्हात बघतोय. मी उतरलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पट्टीकडं.

"वळणावर लाल दिवा लागला, तसं इंजिन बंद केलं," तो कोणाकडं न बघता म्हणाला. "पट्टीवर तर ऑइल भरपूर दिसतंय."

"ती पट्टी माझ्या गाडीची आहे," मी म्हणालो. "तुझी माझ्याकडं आहे. खंडेनवमीला पूजा करून मीच बदलून घातल्या. तुझी गाडी ऑइल देत नव्हती आणि माझी पीत नव्हती. रेवण, मी तुला चार लोकांत वाटेल ते बोललो. माझं चुकलं."

रेवणनं हातातली पट्टी माझ्या हातात दिली. मी डिकीतून त्यानंच दिलेली बाटली आणली आणि त्याच्या इंजिनात पूर्ण ओतली. पट्ट्यांची अदलाबदल केली. पुसली, घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलं होतं. गाडी सुरू केली तेव्हा दिवा विझला, आवाजही साफ होता. वेळेवर बंद केल्यामुळं इंजिन वाचलं होतं.

इतका वेळ गिरिजा तबक धरून उभी होती. आता तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. रेवण मात्र हसला नाही.

"दाजी, वजनांची पेटी डिकीत आहे ना?"

"आहे."

"मग आधी दुकानात चला. काटा तपासा. ओवाळणी मागनं."

"अरे, कराड माझ्या हद्दीत येत नाही. आणि मी माफी..."

"हद्द राहू द्या. तुम्ही चार गिऱ्हाइकांत म्हणालात. मी तुम्हाला एकट्यालाच दाखवतो."

सणाच्या दिवशी त्यानं दुकानाचं शटर वर केलं. मी पेटी उघडली. एका पारड्यात त्याचं किलोचं वजन, दुसऱ्यात माझं प्रमाणित किलो. काटा सरळ राहायला हवा होता. तो राहिला नाही. त्याच्या वजनाचं पारडं खाली गेलं. मी पारडी रिकामी करून पाहिलं, तरी तेच पारडं खाली. मी माझ्या बाजूला ग्रॅमची वजनं टाकत गेलो. पाच, दहा, पंधरा. पंधराला काटा सरळ झाला.

"खोटा आहे," मी म्हणालो. "पण उलटा खोटा आहे. गिऱ्हाइकाला दर तोलाला पंधरा ग्रॅम जास्त जातात."

रेवणनं वजनाचं पारडं उचलून उलटं केलं. खाली तारेनं एक लोखंडी वायसर बांधलेला होता, वापरून गुळगुळीत झालेला.

"अण्णांनी बांधलाय," तो म्हणाला. "माल कमी गेला असं कुणी म्हणू नये म्हणून. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी अण्णा तो काढून खिशात ठेवायचे, साहेब गेले की परत बांधायचे. मीही तेच करतो. आज काढला नाही."

एकवीस वर्षांच्या नोकरीत तपासणीच्या दिवशी लोकांनी काय काय लपवलेलं मी पाहिलं होतं. असलं काही लपवलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी उगीच वजनं पुसत बसलो.

"नियमानं जास्त देणंही खोटंच," शेवटी मी म्हणालो. "काटा सरळ ठेव. तोलून झालं की वरून चार खिळे हातानं घाल. त्याला कुणी काही म्हणत नाही."

गिरिजानं कपाळावर हात मारून घेतला. पण रेवण आता पहिल्यांदा हसला. त्यानं पक्कड घेऊन तार तोडली आणि तो वायसर माझ्या हातावर ठेवला.

"अक्काला साडी आणलीय. तुम्हाला हे."

मग गिरिजानं तिथंच, खिळ्यांच्या पोत्यावर त्याला बसवून ओवाळलं.

ती गाडी मी पुढं अकरा वर्षं वापरली. मधे कधी वरून ऑइल घालावं लागलं नाही. खंडेनवमीला मी अजून मापं पुजतो. पाटावर सगळ्यात आधी अण्णांचा वायसर ठेवतो, मग बाकीचं. गाडीचं बॉनेट मात्र त्या दिवशी गिरिजा मला उघडू देत नाही.